पोटातून काय निघालं?

रविवार, २४ मे.

सकाळी साडेचारला उठले. कूलरमध्ये पाणी भरलं. सव्वापाचला तुमचे तलावावरचे सोबती, लकडगंजचे इस्माईलभाई गाडी घेऊन सक्करदऱ्याला, आपल्या दारात आले. सहाच्या आत तलावावर पोचलो. नऊ वाजता मी घरी परत आले. दुपारी जेवण गेलं नाही, झोपही लागली नाही. उद्यापासून नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. आता पाच वाजले आहेत. फ्रिजमध्ये एक कतला आहे, अजून साफ केलेला नाही.

अहो रेखाचे बाबा,

मासा घरी आला की आधी तो साफ करायचा, मग बाकी सगळं, हा माझा नियम तुम्हाला माहीत आहे. आज तो मोडला. आधी तुम्हाला लिहायचं ठरवलं. पण लिहायचं कसं? शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं पत्रं टाइप केली, ती सगळी 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी. तुम्हाला एकही लिहिलं नाही. तशी वेळ आलीच कुठे? तुम्ही कधी कुठे गेलाच नाहीत. रविवार सोडून.

वर्षातून एकदा तुम्ही विचारायचा, "चालते का वं माझ्यासंग? पाहून तर घे."

मी म्हणायची, "मले काय करायचं तिथं?"

तुम्ही सायकलला, नंतर स्कूटरला गळाच्या काठ्या बांधायचा आणि निघून जायचा. दर वर्षी एवढंच बोलणं. दुसऱ्यांदा तुम्ही कधी विचारलं नाही. का नाही विचारलंत हो? दुसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित आले असते. मी अशीच आहे, हे तुम्हाला माहीत नव्हतं का?

आज गेले. तुम्ही नसताना, इस्माईलभाईंनी बोलावलं म्हणून.

मला वाटायचं, दहा-पंधरा माणसं जमतात म्हणजे पत्ते असतील, गप्पा असतील, थट्टामस्करी असेल. घरी दमून येता ते त्या गोंधळाने. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर चढले तर कुणीच बोलत नव्हतं! एकेक माणूस वीस-वीस पावलांवर आपल्या काठीपाशी बसलेला. पाणी करड्या रंगाचं, हलत नव्हतं. उन्हाळ्याने तलाव अर्धा झालेला, काठाची माती भेगाळलेली. पलीकडच्या टेकड्यांमागे उजेड येत होता आणि पाण्यावर कुठे तरी एकदम गोल उमटायचं, मोठं मोठं होत विरून जायचं. पुन्हा दुसरीकडे. जणू खालून कुणी बोट लावून पाहत होतं. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी एका जागी कधी पाहिली नव्हती. मी तिथेच उभी राहिले. ही तर माझ्यासारखी माणसं आहेत, असं मला वाटलं. बत्तीस वर्षं मी कुणाला घाबरून घरी बसले होते?

इस्माईलभाईंनी हळूच सांगितलं, "भाभी आई है." आणि सगळे उठून उभे राहिले. काठ्या सोडून! तुम्ही सांगायचा, गळ पाण्यात असताना माणूस पानही खायला उठत नाही. मला कुठे पाहावं ते कळेना. मी पदर सारखा करत राहिले.

देवराव पुढे आले. तुम्ही नाव घ्यायचा ते हेच, तलावात जाळं टाकणाऱ्या सोसायटीचे म्हातारे. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "ह्याच काय वैनी? बाप्पा! आमाले तं वाटे, चांगल्या धिप्पाड असतीन. हुकूम सोडणाऱ्या."

सगळे हसले. मीही हसले. पण कसला हुकूम, हे मला माहीत नव्हतं.

ते इस्माईलभाईंनी चिंचेखाली बसून सांगितलं. नवतपा लागायच्या आधीच्या रविवारी तुम्ही या चिंचेखाली बसून सगळ्यांना वर्षाचा हंगाम सांगायचा. कोणता मासा कधी, कुठे, किती खोल, कशावर. सगळे ऐकायचे, कारण ते खरं निघायचं. आणि कुणी विचारलं की हे कळतं कुठून, तर तुम्ही म्हणायचा, "घरून सांगते."

मी सांगते? मी कधी काय सांगितलं?

मग इस्माईलभाई तुमचा हंगाम घडाघडा म्हणू लागले. "नवतपे में कतला. सूरज निकलने से पहले, ऊपर-ऊपर. मृग ते पोळा, नाले की तरफ कुछ नहीं, इधर पाळी पे टेंगरा पकडो, झिंगे लगा के. पोळ्यानंतर वाम. दसरे से रोहू, शेवाळ के पास. दिवाली के बाद रोहू और मिरगल दोनों, मगर मिरगल एकदम तळाला, चिखल में. संक्रांत में घर बैठो, चाय पियो. होली के बाद मरळ, मेंढक पे."

ते बोलत होते आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. तुम्ही पिशवी ओट्याजवळ ठेवायचा, पाय धुवायचा आणि दारात उभे राहून विचारायचा, "पोटातून काय निघालं वं?" मी विळीवर. खवले काढलेले, पोट फोडलेलं. मी मान वर न करता सांगायची. कतल्याच्या पोटात हिरवं पाणी. टेंगऱ्याच्या पोटात झिंगे. मिरगलच्या पोटात चिखल आणि किडे. मरळीच्या पोटात अख्खा बेडूक, पाय दुमडलेला. रोहूचं आतडं काढायला घेतलं की साडीच्या काठासारखं निघतच राहायचं, आणि त्यात शेवाळ. थंडीत पोट रिकामं, नुसती पांढरी चरबी.

मला वाटायचं, आपल्या दोघांत बोलायला काही नसतं म्हणून तुम्ही विचारता. माझ्या बाबांच्या हातमागावर मी लहानपणी तुटलेला धागा बोटाने शोधायची, न पाहता. तेवढीच माझी कला. तीच बोटं माशाच्या पोटात चालायची. त्यात कौतुक काय?

एकदा रोहूच्या पोटात मला उंबराच्या बिया सापडल्या होत्या. आठवतं? तुम्ही तीनदा विचारलं, "नक्की उंबरच?" मला राग आला होता. खोटं कशाला सांगेन? आज देवरावांनी बोट दाखवलं. दक्षिणेच्या काठाला एक उंबर आहे, पाण्यावर वाकलेला. फळं पाण्यात पडतात. तुम्ही पुढच्या रविवारी तिथे जाऊन बसलात आणि सगळ्या पाळीने कधी पाहिला नव्हता एवढा रोहू काढलात म्हणे. त्या जागेला ते काय म्हणतात, माहीत आहे ना? 'वैनीचा उंबर'! मी ज्या तलावावर कधी पाय ठेवला नाही, तिथे माझ्या नावाचं झाड उभं आहे, आणि तुम्ही मला सांगितलं नाही!

अख्ख्या तलावाला सांगितलंत. मलाच नाही.

पण एक मलाही सांगायचं आहे. तुमचा शेवटचा रविवार. मिरगल आणला होता. त्या दिवशी नळाला पाणी आलं नव्हतं, मी सकाळपासून वैतागलेली. तुम्ही दारात उभे राहून विचारलं आणि मी म्हटलं, "रोजचंच." तुम्ही थोडा वेळ उभे राहिलात. मग गेलात. गुरुवारी तुम्हाला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि शनिवारी सगळं संपलं. इस्माईलभाई आज सहज म्हणाले, "बुधवार को फोन पे पूछा था मैंने. बोले, इस बार घर से कुछ खबर नहीं है, इस्माईल."

रोजचंच नव्हतं हो. पोट अगदी रिकामं होतं आणि चरबी दोन बोटं जाड. त्या दिवसांत एरवी ते थोडं खायला लागतात. थंडी लांबणार होती. मला दिसलं होतं, मी सांगितलं नाही. आणि थंडी खरंच लांबली. माघ संपला तरी मी रजई धुतली नाही.

आता मला तिथे का बोलावलं होतं, ते सांगते.

तुम्ही गेल्यावर पंकज म्हणून एक जण आणि त्याचे दोघे-तिघे सोबती म्हणू लागले की यंदापासून नाल्याचं तोंड गळासाठी मोकळं करा. पावसाळ्यात तलावातला सगळा मासा नाल्याकडे चढून येतो. तिथे गळ टाकला की हात भरतो. तो पंकज वाईट मुलगा नाही. माझ्यासाठी त्यानेच खुर्ची आणली. म्हणाला, "काकू, काका होते तोवर आम्ही ऐकलं. आता नियम कोणाचा? कागदावर तं कुठं नाही."

आणि बाकीचे म्हणाले, नियम घरून आला होता. घरच्यांनाच विचारू. त्या काय म्हणतील ते.

मी काय म्हणणार? मला तर असा नियम आहे हेच आज कळलं. मृग ते पोळा तुम्ही बहुतेक रविवारी घरीच असायचा, पेपर तीनदा वाचायचा, माझ्या डब्यांची झाकणं उघडून पाहायचा. मला वाटायचं, पावसाचा कंटाळा. एकदा तर मी म्हटलंही होतं, "जा न तलावावर, कटकट मिटन." तुम्ही नुसते हसलात.

देवराव उठले आणि म्हणाले, "चला वैनी, जागा तं पाहा आधी."

पाळीवरून चालत नाल्याच्या तोंडाशी गेलो. नाला आता कोरडाच, तोंडाशी गुडघाभर पाणी आणि थोडी लव्हाळी. मला वाटलं, पाण्यावर कुणी तरी कुंकू सांडलंय. ताटाएवढा लाल डाग. मी म्हणणार होते की इथे कुणी पूजा करतं का, आणि तो डाग हलला! हजारो बारीक जीव, लाल-केशरी, एकमेकांत वळवळणारे, उकळत्या पाण्यासारखे वर-खाली होणारे. सगळे मिळून एकदम डावीकडे वळले. त्यांच्या खाली एक काळं डोकं होतं. स्थिर. शेजारी थोडं मागे दुसरं.

"मरळ हाय," देवराव कुजबुजले. "मायबाप दोघंही. पिल्लं मोठी होऊस्तोर हलत नाहीत. अशात गळ टाकला न, तं घास म्हणून नाही, राखण म्हणून अंगावर येते. तवाच सापडते. मंग पिल्लं अर्ध्या तासात फस्त, बाकीचे मासे खाऊन टाकतात."

किती मरळी मी राखेत घोळवून साफ केल्या असतील! किती चिवट जात, डोकं कापलं तरी हलते, म्हणून वैतागले असेन. ती आपल्या लेकरांना अशी राखते, हे मला माहीत नव्हतं. आतून सगळं पाहिलं होतं मी त्यांचं. जिवंत कधी पाहिलं नव्हतं. मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. ऊन चढलं, घाम पाठीवरून चालला होता, तरी हलावंसं वाटेना. देवरावांनीही घाई केली नाही.

मग ते आपणहून बोलले. "नियम इथंच झाला होता, वैनी. लई वर्षं झाली. आषाढातला दिवस, पाऊस पडून राहिला होता. तुमचे मालक सायकलवर आले, सारे भिजलेले. पेपरात गुंडाळलेला रोहू काढला आणि पाण्यात सोडून राहिले. मेलेला मासा! मी म्हणलं, काहून गा वसंता, येडा झाला का? तं म्हणे, बायको पोटुशी आहे. हा साफ कराले बसली, पोटात हे गच्च अंडी. हात थांबला तिचा. काही बोलली नाही, उठून बाहेर गेली. म्हणे देवराव, हे जिथून आणलं तिथं नेऊन द्यावंसं वाटलं. तवापासून मृग ते पोळा इथं गळ नाही."

तो मासा तुम्ही इथे आणला होता!

मला तो दिवस आठवतो. रेखाच्या वेळी सातवा महिना होता. विळीवर पोट फोडलं आणि माझ्या ओंजळीत ती दोन केशरी गाठोडी आली. मी माझ्या पोटावर हात ठेवला, तो माशाने माखलेला होता. मागच्या दारी जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा ओटा धुतलेला होता आणि तुम्ही घरात नव्हता. संध्याकाळी चिंब भिजून आलात. मला वाटलं, शेजाऱ्यांना देऊन आलात आणि माझ्यावर रागावलात, मासा वाया गेला म्हणून. आपण दोघं त्यावर एक शब्द बोललो नाही. तुम्ही मला 'आलं टाकून चहा देऊ का' एवढंच विचारलं होतं.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. सगळं कळलं होतं. एवढ्या लांब, त्या पावसात, सायकलवर, मेलेला मासा परत करायला! आणि त्यानंतर प्रत्येक पावसाळ्यात घरातच टांगलेली तुमची रिकामी पिशवी. मी तिला कंटाळा म्हणत होते.

चिंचेखाली परत आलो. सगळे माझ्याकडे पाहत होते. शाळेच्या मीटिंगमध्येही मी कधी तोंड उघडलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मी म्हटलं, "नाल्याकडं नाही."

पंकज नम्रपणेच म्हणाला, "पण काहून काकू?"

"पोटात अंडी असतात त्यांच्या तेव्हा."

"ते तं आम्हालेही माहीत आहे न."

"माहीत आहे, तं मले काहून विचारून राहिला?"

हे माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे! देवराव असे हसले की पाण्यावरचे बगळे उडाले. इस्माईलभाई म्हणाले, "वसंतभाई सही बोलते थे. घर से हुकूम आता है." पंकजही हसला. मान खाली घालून म्हणाला, "ठीक आहे. मृग ते पोळा." मग लगेच विचारलं, "पण काकू, हंगाम कोण सांगन आता?"

मी सांगितलं की माघापासून मी मासा फोडलाच नाही, मला काय माहीत. तर त्यानेच सकाळी काढलेला कतला पिशवीत घातला आणि माझ्या हातात दिला. "मंग हा फोडून सांगा."

तोच फ्रिजमध्ये आहे.

रेखाचा मघाशी फोन आला होता. तिला एवढंच म्हटलं, तुझ्या बाबांच्या तलावावर जाऊन आले. ती म्हणाली, "तू? एकटी?" मी म्हटलं, नाही, तिथे सगळे ओळखतात मला. पुढचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे.

तुमच्याशी मी कमी बोलले. तुम्हीही. मला वाटायचं, आपल्या घरात बोलणं नाही म्हणजे काही नाही. आज कळतं, माझे दोन-दोन शब्द तुम्ही दर रविवारी जपून नेत होता, आणि ते एवढ्या लांब पाण्यापर्यंत जाऊन पोचत होते. मला अजून धड विश्वास बसत नाही.

आता शब्द देते. 'रोजचंच' असं मी पुन्हा कधी म्हणणार नाही. जो मासा या घरात येईल त्याच्या पोटात जे असेल ते नीट पाहीन, आणि नवतप्याआधीच्या रविवारी चिंचेखाली जाऊन सांगेन. पायात बळ आहे तोवर. कुणी दुसऱ्यांदा विचारायची वाट पाहणार नाही.

उठते. विळी काढते.

तुमची,
घरून सांगणारी

ता. क. मासा साफ केला. पित्त फुटू दिलं नाही. पोटात हिरवं पाणी, भरपूर. आणि मागच्या बाजूला अंडी धरली आहेत, खसखशीएवढी. यंदा लवकर आहे. इस्माईलभाईंना फोन केला, मीच केला, की मृगाची वाट पाहू नका, आजपासूनच नाल्याकडे जाऊ नका. दुसरा एकही प्रश्न न विचारता 'जी भाभी' म्हणाले. मग भात टाकला. कतल्याचं डोकं नेहमी तुमच्या ताटात जायचं. आज ते माझ्या ताटात वाढून घेतलं आणि दाराकडे तोंड करून जेवले.